वाळूच्या पट्ट्यावरचे खेकडे

त्या वसंतात गावाजवळच्या पाण्यातले खेकडे नाहीसे झाले होते. ते कुठे गेले याचा माग काढायला मालसून तिघांपुरती होडी घेऊन पिवळ्या समुद्रात पार दक्षिणेला निघाली. होडीची तांडेल, म्हणजे कप्तान, तीच. सोबत धाकटा भाऊ दोकचिल आणि तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचे खलाशी ह्वांगकाका.

"ताई, खेकडे तुझ्या आरडाओरड्याला कंटाळून पळालेत," दोकचिल म्हणाला.

"मग तुला कसा कंटाळा येत नाही? ओढ जाळं!"

जाळं वर आलं आणि तिघंही ओरडले. खेकडेच खेकडे! गाभोळीने जड झालेल्या माद्या, टोकदार पाठीच्या, नांग्या उगारलेल्या. टोपल्या भरल्या, डेक भरला. ह्वांगकाकांनी आकाशाकडे पाहिलं. "पोरी, पुरे आता."

"अजून एकदाच, काका."

तेवढ्यात धुकं उतरलं. ओहोटीने पाणी झरझर ओसरलं. धप्प! होडी वाळूत रुतून एका कुशीवर कलली. पाहता पाहता भर समुद्रात चहूकडे ओली वाळू उघडी पडली.

"भरती आली की तरंगू," दोकचिल म्हणाला.

"त्याआधी लाटा येतील," काका म्हणाले. "आडव्या होडीच्या फळ्या फोडतील."

मालसूनने कललेल्या होडीकडे पाहिलं. हाव आपणच केली होती. पण रडायला वेळ कुठे होता?

"नांगर उचला! पलीकडच्या खोल पाण्यात नेऊन टाकू. भरती आली की नांगराच्या दोराने होडी ओढून काढू."

नांगराने खांदे सोलवटले, गमबूट चिखलात अडकले. धुक्यात पुढचं दिसेना, म्हणून ओसरत्या पाण्याने वाळूवर उमटवलेल्या रेषा पायाने चाचपत मालसून पुढे चालली. पाणी छातीला लागलं तेव्हा तिघांनी नांगर सोडला. ते माघारी वळले, तोच मागून गडगड ऐकू आली. भरती!

"पळा!"

ते होडीवर चढले आणि पहिली लाट आदळली. फळ्या करकरल्या. काकांनी नांगराचा दोर गुंडाळायच्या रहाटावर घेतला. दोर ताणला, थरथरला. होडी हलेना!

"टोपल्या फेका!"

"वेडी झालीस? अख्खा गाव वाट बघतोय!"

"खेकड्यांची नाही रे, आपली! फेक!"

दोकचिलने दात खाऊन पहिली टोपली उलटी केली. मग दुसरी, तिसरी, मग डेकवरचा ढीगही लोटला. मागचे वल्ह्यांसारखे पाय फिरवत खेकडे तिरके पोहत दिसेनासे झाले. पुढची लाट आली. होडी उचलली गेली, आपटली, पुन्हा उचलली गेली.

"रहाट फिरवा!"

सर्रर्र... होडी सरळ झाली आणि खोल पाण्यात शिरली. दोकचिल डेकवर बसून हसत सुटला. हसता हसता त्याने डोळे पुसले.

धक्क्यावर बाया रिकामी घमेली घेऊन उभ्या होत्या. रिकामी होडी बघून त्यांनी घमेली खाली ठेवली. मालसूनने दोर फेकला.

"जागा सापडलीय," ती म्हणाली. "उद्या सगळ्या होड्या काढा. आणि ओहोटी लागायच्या आत परत फिरायचं. अजून एकदाच म्हणणाऱ्याला मी समुद्रात ढकलेन. मग ती मी का असेना!"