सनरूफमधले मूग

भर वैशाखात धुळ्याच्या बायपासवर हर्षितानं हौसेनं सनरूफचं बटण दाबलं. काच सरकत उघडली आणि मिटायचं काही नाव घेईना! दोन दारांची ही लाल स्पोर्ट्स कार वीस वर्षांची. भाऊ, अनुज, पुण्याला जाताना हर्षिताच्या गळ्यात बांधून गेला होता. जळगावहून आत्याकडच्या लग्नाला निघालेली ही नटलेली मुलगी जीवराम नानांच्या गॅरेजपाशी उतरली, तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

"ताई, आधी पाणी घ्या," एक मिस्तरी हसू दाबत म्हणाला. तो अभिमन. विजेच्या कामात त्याचा हात धरणारं गॅरेजमध्ये कोणी नव्हतं.

त्यानं सनरूफची चौकट मोकळी केली, काच जिच्यावरून सरकते त्या पट्टीत बोट फिरवलं. "तूरडाळ! दाणा अडला की मोटर थांबते. गाडी किराणा दुकानात लावता का?"

"आमच्या दालमिलमध्ये. आणि हे बघा... ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"गाडीच्या कागदांवर नाव आहे की."

"त्यावर तर अनुज लिहिलंय," तो म्हणाला. ती खळखळून हसली आणि लग्नाला दोन तास उशिरा पोहोचली.

पंधरा दिवसांनी काच पुन्हा अडली. अभिमननं पट्टी साफ केली, "बटण ढिलं होतं," एवढंच सांगितलं. मग दोघं चहा घेत बसले. तो कमी बोलायचा, पण ती बोलताना हातातलं काम थांबवून ऐकायचा... घरी असं कोण ऐकतं?

महिन्याभरात तिसरी खेप झाली. या वेळी मात्र जीवराम नाना चार गिऱ्हाइकांसमोर कडाडले.

"अभिमन! तीच गाडी, तिसरी खेप! बठ्ठा गावमा मन्हं नाव बुडाई दिधं तू. सकायपाईन कामवर येऊ नको!"

अभिमन पट्टीत बोटं घालून उभा होता. हर्षितानं पाहिलं – त्याच्या काळ्या बोटांत हिरवेगार मूग होते. त्यानं मूठ मिटली. "चूक मन्हीच शे, नाना. मोटर नीट बसनी नही."

हर्षिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या मिलमध्ये तुरीशिवाय दुसरं काही भरडतच नाहीत. हे मूग स्वयंपाकघरातले होते. दोन्ही वेळा तिनंच, हाताला लागला त्या डब्यातून काढून, पट्टीत सोडले होते. आणि त्याला हे मागच्या खेपेपासूनच कळलं होतं; 'बटण ढिलं' ही थापच होती! तिची लाज झाकायला तो नोकरी घालवायला निघाला होता. गाडीत बसून सरळ जळगाव गाठावं, असं एकदा मनात आलंच. स्वतःच्या त्या विचाराचीच तिला जास्त शरम वाटली.

"नाना..." ती पुढे झाली. "त्यांची चूक नाही. मूग मीच टाकले. मुद्दाम."

"काय? कशाले?"

गिऱ्हाइकं माना वळवून बघत होती. तिचे कान तापले, डोळे भरून आले. "इथं यायला... दुसरं कारणच नव्हतं ना."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नानांनी त्याच्याकडे डोळे वटारले, मग डोकं खाजवलं. "येडी पोर शे! चहा पेवाले येती तरी चालतं." अभिमनकडे न बघता ते पुटपुटले, "सकाय येजो रे, टाइमवर."

गिऱ्हाइकं पांगली. हर्षिता मान वर करेना. "माफ करा. माझ्यापायी तुम्हाला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं."

"त्या पहिल्या दिवशी," अभिमन हळूच म्हणाला, "काम अर्ध्या तासात झालं होतं... मी तुम्हाला अडीच तास बसवून ठेवलं."

तिनं चमकून वर पाहिलं. आता मान खाली घालायची पाळी त्याची होती.

"रविवारी मी जळगावला येतो," तो म्हणाला. "मिलवर. तुमच्या वडिलांना भेटायला."

"पप्पांना? आणि त्यांना सांगाल काय?"

"खरं तेच."

"अहो, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुम्ही आत्ता एवढ्या लोकांसमोर सांगितलंत," तो म्हणाला. "मला तर एकालाच सांगायचंय."