पाठीवरचा हात

आंगुस्तियास या नावाचा अर्थ यातना. पण हे नाव घेऊन फिरणारी बाई अशी, की तिच्या बेकरीत पाव आणायला गेलेला माणूस हसल्याशिवाय बाहेर पडत नसे. वय चौपन्न. कणीक मळून मळून दंड घट्ट झालेले आणि जीभ त्या दंडांच्या वरचढ. दर रविवारी भट्टी थंड झाली की ती सायकल काढायची आणि गावातल्या दोघांबरोबर ग्वादालफेओ नदीच्या काठाकाठाने फिरून यायची.

त्या दोघांतला एक बाल्दोमेरो न्हावी. काटकुळा, साठीला टेकलेला, पण चढावर शेळीसारखा चालणारा. दुसरा एउलोहियो. त्याने एकतीस वर्षं याच डोंगरांतून बस चालवली होती आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी त्याला सपाटीवर सायकल चालवायची मुभा दिली होती, आणि त्याची बायको प्राक्सेदेस ती मुभा तराजूत तोलून वापरू द्यायची.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र बेत वेगळा होता. आंगुस्तियासची थोरली बहीण तोमासा डोंगरापलीकडच्या तारायाल गावी राहायची. तिची साठी होती. सगळं गणगोत गाड्यांतून जाणार होतं, पण आंगुस्तियासने महिनाभर आधी सर्वांसमोर सांगून ठेवलं होतं की ती मिर्लोची खिंड सायकलने ओलांडून येईल. ही खिंड तिने आयुष्यात एकदाही न उतरता पार केली नव्हती. दर वेळी शेवटच्या तीन किलोमीटरांत ती सायकल हातात धरून चालायची आणि बाल्दोमेरो ते वर्षभर दुकानात गिऱ्हाइकांना सांगत बसायचा.

एउलोहियोने बायकोला सांगितलं होतं, नदीकाठानेच जाणार आहोत. ते तसं खोटं नव्हतं. पहिले वीस किलोमीटर नदीकाठच होता.

सकाळी लवकर निघायचं ठरलेलं, पण बाल्दोमेरोला ऐन वेळी एका नवरदेवाची दाढी करायला जावं लागलं. मग पुलापाशी न्याहारी झाली. भाजलेला पाव, त्यावर तेल आणि किसलेला टोमॅटो. दुसरी कॉफी झाली, एउलोहियोचे जुन्या बसचे किस्से झाले. घाट लागला तेव्हा अडीच वाजून गेले होते. त्या भागात ही वेळ माणसांची नव्हे. गावंच्या गावं खिडक्या लावून झोपलेली असतात, कुत्री भिंतीच्या सावलीत आडवी होतात आणि रस्त्यावर नुसतं ऊन उभं असतं.

पहिल्या दोन वळणांतच बाल्दोमेरो दिसेनासा झाला. एउलोहियो म्हणाला, मी आपला मागून सावकाश येतो, माझ्यासाठी थांबू नका. आंगुस्तियास मधे एकटी राहिली. दोन्ही बाजूंना बदामाची झाडं, मधूनच अंजीर, उन्हाने तापलेल्या डांबराचा आणि रोजमेरीचा वास. पलीकडे सिएराच्या उंच डोंगररांगेच्या माथ्यावर अजून बर्फाचे पट्टे होते. रातकिडे दिवसाच ओरडत असल्यासारखा झाडांतल्या किड्यांचा एकसुरी कर्कश आवाज चालला होता.

आठव्या किलोमीटरच्या दगडापाशी तिचे पाय संपले. सगळ्यांत हलका गिअर आधीच टाकून झाला होता. आता उतरावं लागणार, हे कळून तिला रडूच येणार होतं. तेवढ्यात पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी हात ठेवला.

सायकलवाल्यांत हे नेहमीचंच. एखादा दमला की ताकदीचा गडी बाजूने येतो, पाठीला तळवा लावतो आणि वर रेटतो. बाल्दोमेरो असं नेहमी करायचा, वर शिव्याही घालायचा. आंगुस्तियासला वाटलं, तोच मागे वळून आला असणार. घामाने भिजलेल्या जर्सीतूनही हात गार लागत होता आणि ते तिला बरंच वाटलं.

मग तिचं तोंड सुरू झालं. ती म्हणाली, एरवी तू आधी दोन टोमणे मारतोस, आज मुका झालास का. नवरदेवाची दाढी कशी झाली ते विचारलं. तोमासाच्या नवऱ्याने भात करपवला नसला म्हणजे मिळवली, असं म्हणाली. चाक सरसर वर चाललं होतं. पॅडल जवळजवळ आपोआप फिरत होतं. उत्तर येत नव्हतं. कानाला फक्त कुणाचा तरी श्वास लागत होता, अगदी संथ, धाप लागलेल्या माणसाचा नसतोच तसा. त्या श्वासाला झाकण घातलेल्या विहिरीसारखा ओलसर वास होता.

आणि तिच्या लक्षात आलं, झाडांतले किडे गप्प झाले आहेत.

वळण आलं. तिने सहज वर पाहिलं. दोन वळणं वर, खिंडीतल्या कठड्यावर बाल्दोमेरो पाय हलवत बसला होता आणि संत्रं सोलत होता. त्याने तिला पाहून हात उंचावला.

एउलोहियो असेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण शस्त्रक्रिया झालेला माणूस दुसऱ्याला चढावर रेटेल कसा?

"कोण आहे..." ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

हात तसाच राहिला. घट्टही झाला नाही, सैलही नाही.

मागे वळून पाहायचं तिने ठरवलं आणि मान वळली नाही. पाहिलं तर जे असेल ते पक्कं होईल, न पाहिलं तर अजून काहीही असू शकेल, असं काहीसं तिच्या मनात होतं. थांबलं तर ते जवळ येईल. म्हणून ती समोर, रस्त्यावर डोळे रोवून पॅडल मारत राहिली. आणि भीतीने म्हणा किंवा सवयीने, बोलतही राहिली. तिने त्याला बेकरीतली बडीशेपेची गोड बिस्किटं कशी करतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तेल किती, वाइन किती, भट्टी केव्हा उघडायची. बिस्किटं तयार झाली तेव्हा खिंड आली होती.

माथ्यावरची पाटी ओलांडताच पाठ हलकी झाली. किडे पुन्हा ओरडू लागले.

बाल्दोमेरो टाळ्या वाजवत पुढे आला. पंचवीस वर्षांत प्रथमच तिने खिंड न उतरता मारली होती. कुणाशी बोलत होतीस गं, त्याने विचारलं, खालपासून नुसती बडबड ऐकू येत होती. तिने घडलं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला हसू फुटायला लागलं, कारण भर उन्हात, मित्राच्या हातातलं संत्रं खाताना, भीती धरून ठेवणं अवघड असतं. बाल्दोमेरो म्हणाला, ऊन लागलंय तुला. आणि भूत असलंच तर बिचारं तुझी बडबड ऐकून पुन्हा या घाटात फिरकायचं नाही.

एउलोहियो दहा मिनिटांनी वर आला. त्याचा चेहरा पाहून दोघांचंही हसणं थांबलं. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी त्याला सावलीत बसवलं, नाडी पाहिली, गोळी आहे का विचारलं. तो म्हणाला, छातीला काही झालेलं नाही. मग आंगुस्तियासकडे पाहत त्याने विचारलं, तुझी पाठ दुखते का. ती म्हणाली, पाठ सोडून सगळं दुखतंय. तो हसला नाही. तोमासाच्या नवऱ्याला फोन करून जीप बोलावू या, असं म्हणाला. बाल्दोमेरो म्हणाला, जीप आली की प्राक्सेदेसला कळणार, आणि मग तुझं हृदय आम्हालाही वाचवता येणार नाही.

"मग मी पुढे राहतो," एउलोहियो आंगुस्तियासला म्हणाला. "तू माझ्या चाकाला चाक लावून ये. लांब राहू नकोस."

उतार समुद्राकडचा. खाली दरीत ओढ्याकाठचे पॉप्लर वृक्ष, त्यापलीकडे द्राक्षांचे मळे, आणि अगदी टोकाला निळ्या रंगाची एक रेघ. आंगुस्तियासला वारा लागला आणि गाणं सुचलं. दोन वळणं ती गात उतरली. तिसऱ्या वळणावर बाहेरच्या अंगाचा कठडा मागच्या पावसाळ्यात दरीत गेला होता. तिथे नुसत्या दोन काठ्या आणि पट्टी बांधली होती.

वळणाच्या आधी हात परत आला.

त्याच जागी, तसाच गार. पण आता चढ नव्हता. तिने ब्रेक दाबले. चाकं किंचाळली, जळक्या रबराचा वास आला, तरी वेग कमी होईना. एउलोहियो वळणाआड गेला. सायकल तुटलेल्या कठड्याकडे सरळ निघाली होती आणि कानाशी तो संथ श्वास होता.

"पुरे..." ती हळूच म्हणाली, घरच्या माणसाला म्हणावं तसं. "इथवर आणलंस, उपकार झाले. आता सोड मला..."

हाताने सोडलं नाही.

तेव्हा तिने विचार केला नाही. सगळं अंग डोंगराच्या बाजूला टाकलं आणि सायकल आडवी घातली. डांबरावरून ती फरफटत गेली, आतल्या चरात पडली आणि पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात जाऊन अडकली. पट्टी बांधलेल्या काठ्या सहा पावलांवर होत्या. सायकलचं चाक वर तोंड करून बराच वेळ फिरत राहिलं.

मागून आलेल्या बाल्दोमेरोने तिला बाहेर काढलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, माझी चड्डी किती फाटलीय ते आधी सांग, पाहुण्यांसमोर जायचंय.

तारायालला पोचेपर्यंत सहा वाजले. उरलेला रस्ता तिघं पायी उतरली. तोमासाच्या अंगणात तीस-एक माणसं, वेलाच्या मांडवाखाली टेबलं, परातीएवढ्या कढईत भात. करपलेला नव्हता. आंगुस्तियास दारातून लंगडत आत शिरली आणि खिंड मारल्याचं तिने सगळ्यांना ओरडून सांगितलं. टाळ्या पडल्या, कुणीतरी तिच्या हातात वाइनचा पेला दिला, बहिणीने तिला कवटाळलं आणि रक्ताचे डाग पाहून चांगलीच झापली. बाल्दोमेरोने भुताची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आणि सगळं अंगण हसलं. तीही हसली.

मग ती कोपराला आयोडीन लावायला स्वयंपाकघरात गेली. एउलोहियो तिच्या मागोमाग आत आला आणि त्याने दार लोटलं.

तो म्हणाला, आठव्या किलोमीटरच्या दगडापाशी तो तिच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर होता, मग ती भराभर पुढे गेली. तिची जर्सी पाठीत दबलेली त्याने पाहिली होती. आधी त्याला वाटलं घामाने चिकटली असेल. मग पाच बोटं दिसली. कापडात खोल रुतलेली, एकेक वेगळी.

आंगुस्तियासला भीतीच्या आधी एक प्रकारचा आनंदच झाला. ती म्हणाली, म्हणजे मला ऊन लागलं नव्हतं तर. बाल्दोमेरोला हे माझ्यासमोर सांग.

"बाई, ऐक ना," एउलोहियो म्हणाला. "तुझ्या मागे कुणी नव्हतं. मागे मी होतो."

"मग मला मागून ढकलत कोण होतं?"

त्याने हातातला पेला ओट्यावर ठेवला.

"बोटांची टोकं खाली होती. तुझ्या कमरेकडे. आणि मनगट वर, खांद्यापाशी."

तिला कळेना. तेव्हा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आपला हात त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे नेला आणि तळवा तिच्या पाठीवर टेकवला. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याशेजारी आला. त्याचा श्वास तिच्या कानाला लागला.

"असा..." तो म्हणाला.

बाहेर तोमासासाठी गाणं सुरू झालं होतं, सगळे तालावर टाळ्या देत होते आणि आंगुस्तियासच्या नावाने हाका मारत होते. ती जागची हलली नाही. घाटभर तिने एकदाही मागे पाहिलं नव्हतं. सगळा वेळ ती समोर बघत होती.