हसायचं नाही हं!

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि तो आरशाकडे बघत एकच शब्द पुटपुटत होता. "ग्लॅस... ग्लॅस..."

माझी जीभ गप्प बसेल तर शपथ. "ग्लास म्हणतात," मी म्हणाले.

"मग पुढच्या ओळीतल्या गॅसशी यमक कसं जुळणार?" त्यानं अगदी काळजीनं विचारलं. माझ्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं, आणि तो पाय काही हलवत नव्हता.

उतरला तो आमच्याच मजल्यावर. माझ्या मावशीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. मुलांसाठी यमकांच्या इंग्रजी विनोदांचं पुस्तक आम्ही आवाजात उतरवणार होतो. ते लिहिणारी बाई विलायतेच्या उत्तरेकडच्या एका थंड गावातली, आणि वाचायला आलेला हाही तिथेच वाढलेला. बटरला बुटर म्हणणारं गाव! पुस्तकातली निम्मी यमकं त्याच गावच्या तोंडी जुळायची. शुक्रवारी नमुना प्रकाशकांकडे जायचा होता. तो पसंत पडला तर काम त्याचं, नाही तर तो परत गावी.

आमचा स्टुडिओ जुना, मधली काच पातळ. इकडची शिंकसुद्धा तिकडच्या माइकमध्ये शिरते. म्हणून मावशीचा कडक नियम आहे, लाल दिवा लागला की हसायचं नाही. मी काचेच्या अलीकडे बसून कागदावर बोट ठेवून ऐकायची. आणि तो आवाज... उन्हात वाळलेल्या चादरीसारखा उबदार. 'बुटर' आलं की मी मान खाली घालायची, डोकं दोन्ही हातांत धरायची आणि रुमाल दातांत घट्ट आवळायची. घरी गेल्यावरही तोच आवाज कानात असायचा. मी चक्क वाट बघायला लागले होते दुसऱ्या सकाळची.

शुक्रवारी त्यानं वाचायला सुरुवात केली आणि मी चमकले. ग्लास. बटर. सगळं कसं इस्त्री केलेलं, आणि ती निम्मी यमकं काही जुळेनात. विनोद एकामागून एक आडवे पडत होते.

"आवाज छान आहे, पण जीव नाही गं यात," मावशी हळूच म्हणाली. दुसरं कुणीतरी बघावं लागेल, असंही म्हणाली. मी उठले आणि लाल दिवा चालू असताना कुणी कधी उघडत नाही ते दार उघडून सरळ आत गेले.

"असं का वाचतोयस?"

तो कागदाकडे बघत राहिला. "तू एकदाही हसली नाहीस. रोज डोकं धरून बसायचीस. म्हटलं... निदान तुला आवडेल असं तरी बोलावं."

मी रुमाल त्याच्यापुढे धरला. टोकं चावून चावून पार चिंध्या झालेली. त्यानं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत हसू उतरलं.

"वाच," मी म्हणाले. "तुझ्या गावचं. मला तेच ऐकायचंय."

त्यानं वाचलं. आत लपायला काच नव्हती, रुमालही त्याच्याच हातात. 'ग्लॅस'पाशी मी जी हसत सुटले ती थांबेचना. पलीकडे मावशीनं कपाळावर हात मारला. मग तिचा आवाज आला, "राहू दे ते हसू. नमुना हाच जाईल." आणि ती चहा टाकायला निघून गेली, गरजेपेक्षा जरा जास्तच घाईनं.

"एक शब्द राहिला," तो म्हणाला.

"कोणता?"

तो जवळ आला. बटरला बुटर म्हणणारा माणूस 'लव्ह'ला काय म्हणणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

"लुव्ह..." इतक्या हळू, की काचेनंही ऐकलं नसेल.

या वेळी मी दुरुस्त केलं नाही. त्याच्याच गावच्या उच्चारात तो शब्द त्याला परत दिला.

लाल दिवा अजून चालूच होता. तेवढा भाग कापून टाकला, असं मावशी म्हणते. माझा तिच्यावर मुळीच विश्वास नाही.