साऱ्या टेकडीचा कुत्रा

समुद्रावरून भुरभुर पाऊस येत होता. वाल्परायसोच्या बंदराकडून टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्यांच्या ऐन वळणावर यास्ना आणि एक अनोळखी मुलगा एकाच वेळी एकाच कुत्र्यापुढे वाकले आणि डोक्याला डोकं आपटलं.

“कप्तान, काय झालं रे तुला?” यास्नाने कुत्र्याला विचारलं.

“कप्तान कोण? हा लूचो,” कपाळ चोळत मुलगा म्हणाला. “आमच्याकडे जेवतो.”

“जेवतो आमच्याकडे. तुमच्याकडे तोंडी लावायला येत असेल.”

तो हसला. नाव एलिसेओ, टेकडीवरच्या पत्र्याच्या घरांना रंग द्यायचं त्याचं काम, त्यामुळे नखं कायम निळी. कुत्रा कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. दर घरी त्याला वेगळं नाव होतं. यास्ना जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिची नजर आता कुत्र्याच्या पाठीवर खिळली होती.

“दुखतंय त्याला.”

“कण्हत तर नाहीये.”

“कुत्री कण्हायला लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. बघ ना — पाठ कशी आकसून धरलीय. बसल्या जागी धापा टाकतोय, गुडघा चाटतोय, मधेच ओठांवरून जीभ फिरवतोय. इथे हात लाव... हळू.” तिने त्याचा हात धरून कुत्र्याच्या गुडघ्याशी नेला. कुत्र्याने कान मागे पाडले आणि तोंड फिरवलं. “कळलं?”

“कळलं,” हात न सोडवता तो म्हणाला. “आणि मुलगा ओठांवरून जीभ फिरवत असेल तर?”

“तर त्याला भूक लागलीय. त्याने घरी जाऊन जेवावं.”

तो घरी गेला नाही. मग रोज संध्याकाळी तो कुत्र्याला उचलून पायऱ्या चढे, आणि यास्ना तिघांवर मिळून एक छत्री धरे. एका छत्रीत तिघं मावत नाहीत, पण तक्रार कुणाचीच नव्हती. कुत्रा बरा व्हावा असं दोघांनाही मनापासून वाटे... फक्त फार लवकर होऊ नये, इतकंच.

पावाच्या दुकानातल्या रांगेत यास्नाने दुखण्याच्या या खुणा सगळ्यांना समजावल्या. साऱ्या टेकडीला डोळे फुटले. “आमचे कॉलेजातले सर गावाहून आले की फुकट तपासतील, तोवर त्याला चढू देऊ नका,” तिने बजावलं. काय खायला घालू नका, हे मात्र ती बोलली नाही.

एका सकाळी कुत्रा काळं-लाल ओकला. हिरड्या पांढऱ्याफटक. एलिसेओ त्याला उराशी धरून दवाखान्यात धावला, मागे यास्ना. “माणसांची दुखण्यावरची गोळी कुणी दिलीय का?” तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

“मी दिली,” एलिसेओ म्हणाला. “पावात घालून. त्याचं दुखणं... बघवेना मला.”

दुपारपर्यंत कुत्रा गेला. बाहेर पावसात एलिसेओने विचारलं, “माझ्यामुळे गेला का गं?”

एका गोळीने एवढ्या मोठ्या कुत्र्याचं असं होत नाही, हे शेवटच्या वर्षाच्या मुलीला सुचायला हवं होतं. पण तिला त्या क्षणी कुणावर तरी दोष ढकलायचा होता, आणि समोर तोच उभा होता.

“तुझ्याचमुळे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या माथ्यावर कुत्र्याला पुरलं. जो तो आपण ठेवलेल्या नावाने त्याला हाक मारून रडत होता. एलिसेओ आला नव्हता. म्हाताऱ्या ओर्तेन्सिया मावशीने यास्नाचा दंड धरला. “गुडघा दुखायचा गं बिचाऱ्याचा. माझ्या गुडघ्याची गोळी रोज द्यायचे मी त्याला.” पाववाला चपापून वळला. “मावशी, तुम्ही पण?” मग मागून आणखी एक जण पुटपुटला, आणखी एक. सगळ्यांनी खुणा नीट ओळखल्या होत्या.

यास्ना धावत सुटली. एलिसेओ एका घराच्या पत्र्याला रंग देत होता.

“सगळ्यांनीच दिल्या होत्या रे... एकट्या तुझ्या गोळीने नाही गेला तो.”

“माहीत आहे,” शिडीवरून उतरत तो म्हणाला. “माझ्यावर खापर फुटल्याचं ऐकून सकाळपासून एकेक जण येऊन कबूल करून गेला. मावशी तर इथेच रडत बसली होती.”

“मग त्याला पुरायला आला का नाहीस?”

“एकच दिली होती मी. किती दिल्यास, एवढंसुद्धा तू विचारलं नाहीस.”

“चुकले मी. गोळ्या देऊ नका हे मीच सांगायला हवं होतं, खरी चूक माझी आहे. आणि — तू मला आवडतोस. फार आवडतोस.”

“मलाही तू आवडतेस,” तो इतक्या साधेपणाने म्हणाला की तिला रडू फुटलं. “म्हणूनच भीती वाटते. उद्या आपल्या घरात पोर आजारी पडेल, आणखी काही बिघडेल... दोष द्यायला तू आधी माझ्याकडे बघशील.”

“नाही बघणार,” म्हणायला तिने तोंड उघडलं. म्हणवेना. या माणसाशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

तो आशेने थांबला. मग ब्रश उचलून शिडी चढू लागला. जमीन ओली होती, म्हणून तो वर पोचेपर्यंत यास्नाने शिडी घट्ट धरून ठेवली, आणि मग ती पायऱ्या उतरून गेली.