अकरा सेकंद पाठमोरी

चाकणच्या कारखान्यांत आमची सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी मोशीच्या फ्लॅटमध्ये मी भरितासाठी वांगी भाजत होते आणि माझा भाऊ विक्की टीव्हीवर नेटवरचे जुने सिनेमे चाळत बसला होता. अचानक तो ओरडला, "ताई, सापडला! आत्याचा सिनेमा!"

कस्तुराआत्या माझ्या वडिलांची आत्या, पण आम्हीही तिला आत्याच म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि विक्की पाळण्यात. तिनेच आम्हाला वाढवलं. दहावीला मी गणितात काठावर सुटले, तर "सुटली तर खरी!" म्हणून तिने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. आज मी कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर पार्ट मोजते, ही तिचीच कृपा.

तरुणपणी ती सिनेमात होती, हे नात्यात सगळ्यांना माहीत होतं आणि खरं कुणालाच वाटत नव्हतं. कारण बारा सिनेमे केले, पण एकातही तिचं तोंड नाही. नायिकेला उन्हात अनवाणी चालायचं असलं, गार पाण्यात उतरायचं असलं, की नायिकेऐवजी ही. अंगलट सारखी, चाल तर नायिकेपेक्षा सरस. कॅमेरा कायम पाठीमागे. दिग्दर्शकाची तिला एकच सूचना असायची : वळू नको.

"पर एक डाव वळले," ती सांगायची. "नदीच्या पायऱ्यांवर. मागनं कुणीतरी 'आत्या' म्हणून हाक मारली. माझ्या भावाचं तवा लगीन बी झालं न्हवतं, मला कोण आत्या म्हणणार? तरी वळले. फिल्म वाया गेली. दुसऱ्या दिवसापासनं बोलावणं न्हाई." आणि मग हळूच, "एकदा तरी तोंड दिसाया पायजे व्हतं."

विक्कीला सापडला तो हाच शेवटचा सिनेमा. आत्या वळली, त्याच्या आधीचा तुकडा त्यांनी ठेवून दिला होता. सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. मुद्दामच. तुम्हीही शोधू नका.

तर, नदीच्या पायऱ्या, कडेवर घागर घेऊन उतरणारी बाई, पाठमोरी. अकरा सेकंद. अंबाडा आणि पाठ, बस्स. आत्या खुर्चीतून पुढे झुकली. "ती मी," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी लाजली. मला भरून आलं. मीच विक्कीला म्हटलं, टाक सगळ्या ग्रुपवर, कळू दे लोकांना.

संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हा पडद्यावरच्या बाईचा उजवा कान दिसला. कानात कुडी.

"सकाळी दिसत होता का गं?" विक्कीने विचारलं.

"असेल. आपलं लक्ष नसेल."

पण माझी भाकरीच लक्षावर भाजते. विक्कीच्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढलं, चित्र थांबवलं आणि तिच्या खांद्यांची रेषा धरून मोजलं. नऊ अंश. चुकलं असेल म्हणून परत लावून मोजलं. तेरा. परत लावलं, सतरा. मोजायचं म्हणजे लावायचं, आणि दर वेळी लावलं की ती चार अंश वळत होती. एवढं डोक्यात शिरेपर्यंत मी सहा वेळा मोजून बसले होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

घरातलं मात्र मला उशिरा कळलं. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, रस्त्याकडे तोंड करून. शुक्रवारी ती जराशी भिंतीकडे कललेली दिसली. मी खुर्ची सरळ केली. तिचा उजवा कान काही दिसेना. उजवीकडे जाऊन उभी राहिले, तरी दिसेना. डॉक्टर घरी येऊन गेले. मान धरली आहे म्हणाले, शेक द्या. जाताना ते दारात थोडे घुटमळले आणि परत एकदा खुर्चीकडे बघून गेले.

सिनेमा बघणं मी त्याच दिवशी बंद केलं. ग्रुपवरून लिंक काढून टाकायला लावली. पण ती तोवर कुठल्या कुठे पोचली होती. कुरुळीहून जयमालाकाकूंचा फोन आला, "अगं दीक्षा, कस्तुराआत्याचा गाल काय सुंदर दिसतोय गं सिनेमात!" चार दिवसांनी पुनावळ्याची चुलतबहीण मिनल म्हणाली, "नाक अगदी तुझ्यासारखं आहे." मी हात जोडून सांगितलं, बघू नका. असं सांगितल्यावर तर लोक दोनदा बघतात. सिनेमा टाकणाऱ्याला मी नऊ वेळा लिहिलं. उत्तर नाही. व्ह्यूजचा आकडा मात्र रोज पाच-सहाने वाढत होता, आणि तो थांबवणारी मी कोण? कंपनीत खराब पार्टला लाल खूण केली की लाइन थांबते. इथे मी कशाला खूण करणार होते?

घरात आता खुर्चीभोवती कुठूनही बघितलं तरी आत्याच्या गालाची एक कड तेवढी दिसायची.

"आत्या, माझ्याकडे बघ ना."

"बघतेच हाय की," अंबाड्याच्या पलीकडून आवाज आला.

"त्रास होतोय का?"

"न्हाई. पर दीक्षे, तू लई लांब गेल्यावाणी वाटतीस."

त्या क्षणी मला रडू आवरलं नाही. मला सिनेमा नको होता, कारकीर्द नको होती. मला तिचं सुरकुतलेलं तोंड हवं होतं, डाव्या भुवईवर तीळ असलेलं, मला रोज डबा विसरलीस का म्हणून विचारणारं.

पुढच्या गुरुवारी दुपारी विक्की औषधं आणायला गेला. मी टीव्ही लावला. एकदा बघितल्याने चार अंश जातील हे मला माहीत होतं. पण तिला थांबवायची दुसरी जागाच उरली नव्हती. म्हटलं, दिग्दर्शकाचं ऐकत होती, माझंही ऐकेल.

पायऱ्या आल्या. घागर आली. ती जवळजवळ वळलेली होती, फक्त डोळे दिसायचे बाकी होते.

मला म्हणायचं होतं, आत्या, वळू नको.

तोंडातून एवढंच निघालं, "आत्या!"

ती थबकली. घागरीतलं पाणी हिंदकळलं.

आणि ती वळली.

बावीस वर्षांची. भुवईवर तीळ. कुणी हाक मारली म्हणून ती बघत होती, थेट माझ्याकडे, पण नजरेत ओळख अशी नव्हतीच. कुठून असणार? माझ्या वडिलांचाही तेव्हा जन्म झाला नव्हता.

मी खुर्चीकडे धावले. मागे अंबाडा. वळसा घालून समोर गेले.

समोरही अंबाडा.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. सिनेमातलं ते तोंड हजारो लोकांनी बघितलंय, कोण ही सुंदर नटी म्हणून खाली विचारतात. आत्या काही बोलत नाही. मी रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी पेजेची वाटी तिच्या मांडीवर ठेवते आणि चपला घालायला वळते.

परत बघते तेव्हा वाटी रिकामी असते.