पेडलवरचा पाय

ही गोष्ट रात्रीची नाही. रविवारची दुपार होती, अडीच वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. खोटं वाटत असेल तर माझ्या मामाचा उजवा हात बघा.

मामाचं स्वतःचं गॅरेज आहे. त्या दिवशी सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढून तो एकटाच काम करत होता.

गाडी आमचीच होती. त्या रविवारच्या दोन महिने आधी उतारावर ब्रेक लागला नाही आणि ह्याच गाडीत माझे बाबा गेले.

पुढचा पत्रा दुसरीकडे बदलून झाला होता. आईला कामावर जायला गाडी हवी होती. "ब्रेक तेवढे तूच कर, दादा," ती मामाला म्हणाली होती. "दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

डाव्या चाकाचं काम बिनबोभाट झालं. मग त्याने उजवं चाक काढलं. बोल्ट सोडवून कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती पकडणारा ब्रेकचा चिमटा, तारेने टांगला. त्यातले जुने पॅड उपसले. घासायचा थर पार संपला होता, नुसतं लोखंड उरलं होतं.

मामाला त्याचं नवल वाटलं नाही.

नवे पॅड जाड असतात. ते बसायचे तर पॅडला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन आधी आत ढकलावा लागतो. त्याने क्लॅम्प लावून तो आत दाबला. क्लॅम्प काढला.

पिस्टन हळूहळू बाहेर आला…

असं एकाच कारणाने होतं. आत बसून कुणीतरी ब्रेक दाबला तर.

मामाने वर पाहिलं. सीट रिकामी होती.

त्याने पिस्टन पुन्हा आत दाबला. पिस्टनभोवतीचं रबर फाटलंय का, हे चाचपायला दोन बोटं मध्ये घातली…

मागची भिंत लाल झाली. ब्रेकचे दिवे लागले होते.

खट्… पेडल तळाला टेकल्याचा आवाज आला.

पिस्टन बोटांवर चढला. मामाने हात ओढला, निघेना. नखं फुटली. मग हाड मोडलं, तो आवाजही त्याने ऐकला. कॅलिपरमधून रक्त ठिबकायला लागलं.

बाबा होते तेव्हा हे काम दोघं मिळून करायचे. बाबा सीटवर, मामा खाली चाकाशी. मामा खालून सांगायचा, दाबा, सोडा. सासरची माणसं जावयाला फुकट राबवतात, म्हणून बाबा त्याला चिडवायचे.

"सोडा, दाजी," मामा कळवळून म्हणाला. "सोडा."

पिस्टन आणखी पुढे सरकला.

तेव्हा मामाच्या पोटातलं ओठांवर आलं.

"मी पॅड बदललेच नव्हते, दाजी. घरचीच गाडी, होईल नंतर, म्हणून मागे ठेवली. तुमच्यासाठी आणलेले पॅड दुसऱ्या गिऱ्हाइकाला घातले. तुम्हाला न बोलावताच काम झालं म्हणून खोटं सांगितलं."

लाल उजेड विझला. हात सुटला. दोन बोटांची पेरं कॅलिपरमध्येच राहिली.

काम अर्धवट टाकून जायची त्याची हिंमत झाली नाही. हाताला फडकं गुंडाळून त्याने डाव्या हाताने नवे पॅड बसवले. शेवटी पेडल दाबून पिस्टन पॅडला टेकवावा लागतो. त्या सीटवर बसायला तो धजावला नाही. लांब उभा राहून हळूच म्हणाला, "दाबा."

दिवे लागले…

हे सगळं मामाने मला एकट्याला सांगितलं. आईला सांगायचं त्याला अजून जमलेलं नाही. मलाही नाही.

आई ब्रेकवर खूश आहे. पाय टेकवायच्या आधीच लागतो, म्हणते.

फक्त एकदा लागला नाही. मागच्या महिन्यात मामा फाटक उघडून गाडीसमोर उभा होता. आईने जीव खाऊन ब्रेक दाबला. पेडल नुसतंच खाली गेलं. मामाने बाजूला उडी घेतली म्हणून वाचला. नंतर त्याने सगळं उघडून पाहिलं. पॅड नवेकोरे, ब्रेकचं तेल भरलेलं. कशातच दोष नव्हता.

आज तो आमच्याकडे जेवायला आला होता. आता आई गाडी बाहेर काढतेय. दादाला मीच सोडते, म्हणाली.

मामा दारात चपला घालतोय. एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा तिच्याकडे.

अजून तरी त्याने तिला पॅडचं सांगितलेलं नाही…