न बोलता मागितलेला चेंडू

रुग्णालयाच्या धुलाईघरातील काम संपवून ती परतत असता, मैदानाच्या कुंपणाखालून घरंगळत आलेला चेंडू तिच्या पायाशी विसावला. पावलाच्या आतल्या कडेने तिने तो इतका अचूक परत धाडला, की गोलरक्षकाला जागचे हलावेही लागले नाही.

"निर्वासित वसाहतीत राहता ना? बुधवारी खेळायला या," तो म्हणाला. पेशाने तो वायरमन होता. "अर्धे तुमच्याकडचे, अर्धे आमच्याकडचे. भांडणं मात्र सगळ्यांची सारखीच."

ती हसली... या नगरात आल्यापासून प्रथमच. सात महिने तिच्याशी बोलणारी एकटी वहिनी होती. आणि भाऊ बेपत्ता झाल्यापासून वहिनीही बहुधा भिंतीकडे पाहूनच बोले.

ती बुधवारी गेली. परंतु चेंडू तिच्याकडे येईचना. मोकळ्या जागी धावून ती उभी राही, तळहात छातीशी नेई, आणि तशीच एकाकी तिष्ठत राही.

तिसऱ्या बुधवारी त्याने विचारले, "हाक का मारत नाही? घसा बसलाय?"

"आम्ही तळघरात खेळायचो... चिंध्यांचा चेंडू, अनवाणी पाय. वर बंदूकवाले. आवाज झाला की संपलं. हात असा छातीशी नेला की समजायचं — मला दे. अजून ओरडायला गेले की आवाजच फुटत नाही."

त्याने साऱ्यांना गोळा केले.

"आज कुणी तोंड उघडायचं नाही. एकमेकांकडे बघून खेळायचं."

"मी कसा खेळू मग?" ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, तो कुरकुरला.

"बंद राहून. तेवढाच आमच्या कानांना आराम."

त्या सायंकाळी मैदानावर केवळ पावलांचा ध्वनी होता. तिचा हात छातीशी गेला, आणि चेंडू आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पुढे प्रत्येक बुधवारचा पहिला अर्धा तास असाच मूक खेळण्याचा प्रघात पडला.

"गोलरक्षकाने चेंडूकडे बघावं," एकदा ती म्हणाली.

"बघतो की. तो सारखा तुझ्याकडेच असतो, त्याला मी काय करू?"

त्यानंतर भाऊ जिवंत असल्याचे पत्र आले. तो दूरच्या शहरात होता. वहिनीने त्याच रात्री पेट्या भरल्या.

"भाऊ सापडला," बुधवारी तिने सांगितले. "शनिवारी निघतो आम्ही. गाडीने नऊ तास."

"चांगलं झालं." त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "आणि... परत?"

"आधी दादाला डोळे भरून बघू दे. मग त्याला सांगायचंय, की मला एक माणूस आवडतो. फक्त... त्या माणसाचं काय ते ठाऊक नाही."

"विचार की त्याला."

"तेच तर विचारतेय."

"त्याचा होकार केव्हाचाच आहे," तो म्हणाला. "तू जा. दादा आधी."

शनिवारी गाडी सुटली. कित्येक महिन्यांनी वहिनी निश्चिंत झोपली होती, तिच्याच खांद्यावर. दादाला सांगावयाचे वाक्य ती मनात जुळवू लागली. स्थानकागणिक ते निराळे होई. आणि प्रत्येक वेळी ते खरेच असे.